चिंचेखालचं मटण

मी आजवर बऱ्याच ठिकाणी न बोलावता जेवलोय. लग्नात जेवलोय, भंडाऱ्यात जेवलोय, एकदा तर एका पक्षाच्या सभेत दोनदा जेवलोय. पण मध्यंतरी आदिलाबादजवळ गुडीहत्नूरच्या पुढे मी जे जेवण जेवलो ना, ते ऐकायचं तर हातातला चहा आधी खाली ठेवा. सांडला तर मला बोलू नका.

सुरुवात दादापासून करावी लागेल.

माझा मोठा भाऊ गजानन. भैंशाच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरून लॉरी चालवायचा. गाडी कापसाची, पण मन सगळं खाण्यात. कुठल्या वळणावर कोणाचा चहा, कुठल्या स्टँडमागे कोणाची भजी, हे त्याला किलोमीटरच्या दगडासारखं पाठ. त्याचा फोनवर एक ग्रुप होता, 'चव आणि चाकं'. नांदेड, यवतमाळ, किनवट, कुठकुठले फिरणारे आणि खाणारे लोक. कोण कुठे निघालं की विचारायचं, कोणीतरी सांगायचं. नियम एकच होता, आणि तो दादानेच घातला होता: स्वतः खाल्लं नाही ते दुसऱ्याला सांगायचं नाही.

दोन महिन्यांपूर्वी दादा गेला. रस्त्यात नाही, घरात. दाढी करायला बसला होता, अर्धी झाली होती.

त्याचा फोन माझ्याकडे आला. एका सकाळी तो वाजला. ग्रुपवर कोणीतरी विचारलं होतं, "गजाननराव, बेल्लमपल्लीला स्टेशनजवळ सकाळी काय खावं?"

मी लिहायला घेतलं, की गजानन आता नाही. सहावीत शाळा सोडलेला माणूस मी, एवढं वाक्य लिहायला मला दहा मिनिटं लागली. लिहिलं आणि पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. मग बटण दाबून तोंडानेच सांगून टाकलं, "इडली खा. स्टेशनसमोरच्या गाड्यावर."

आमच्या दोघांचा आवाज अगदी एक. फोनवर आईसुद्धा फसायची. आणि मी बेल्लमपल्ली जन्मात पाहिलेली नाही! पण स्टेशन असेल तिथे इडलीचा गाडा असणारच, नाही का?

दुपारी उत्तर आलं, "वा गजाननराव, मानलं तुम्हाला."

काय सांगू, त्या दिवशी मला वाटलं दादा ट्रिपवर गेलाय. येईल गुरुवारपर्यंत.

मग मला चटकच लागली. घाटातली भजी सांगितली, धाब्यावरची डाळ सांगितली, कुणाला तरी एका गावचा पेढा सांगितला. त्या गावात पेढा मिळतो की नाही, देव जाणे. रोज एक शिफारस, रोज एक शाबासकी. दादाचा एक नियम होता, तो मी दोन महिन्यांत पन्नासदा मोडला.

आणि मग ग्रुपचे मुख्य मन्मथकाका यांनी लिहिलं. काका म्हणजे नांदेडचे, एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. पोटाला मात्र त्यांनी निवृत्ती दिलेली नाही. म्हणाले, "गजाननराव, त्या चिंचेखालच्या मटणाला कधी नेता? वर्षभर नुसतं ऐकवताय."

हे मात्र खरं होतं. दादा वर्षभर त्या मटणाचा जप करत होता. त्याचा आवाज फोनमध्ये होता, मी शंभरदा ऐकलेला: बोर्ड नाही, टेबल नाही, हायवे सोडून आत जायचं, चिंच दिसली आणि धूर दिसला की थांबायचं. मल्लय्या नावाचा माणूस, फक्त रविवारी, घरासमोर. पळसाची पत्रावळ, ज्वारीची रोटी. शेवटी म्हणतो, "तुमी या तर खरं, मी सोता नेतो."

मलाही म्हणाला होता, नेतो म्हणून. राहिलं.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? काहीतरी कारण सांगितलं असतं. मी म्हणालो, "येत्या रविवारी या."

म्हणजे बघा, दादाचा शब्द माझ्या डोक्यावर. मटण वाईट निघालं तर वर्षभराची त्याची पत गेली. आणि मी तो नाही हे कळलं, तर दादा ग्रुपमध्येही मेला. घरात एकदा मेला तेवढं पुरे होतं मला.

दादाच्या फोनमध्ये 'मल्लय्या चिंच' असा नंबर होता. मी माझ्या फोनवरून लावला. एका बाईने उचलला. मागे माणसांचा गलबला. मी हिंदीत सांगितलं, रविवारी तीन माणसं येतोय जेवायला. ती म्हणाली, "आओ, आओ. उस दिन सब आ रहे."

मी फोन ठेवला आणि खूश झालो. काय धंदा आहे बघा!

रविवारी काका रेल्वेने आदिलाबादला उतरले. यवतमाळहून बसने सुलभाताई आल्या. ताईंची तिकडे खानावळ आहे, पस्तीस माणसांचा डबा जातो, त्यामुळे दुसऱ्याच्या हातचं खाताना त्यांचे डोळे पोलिसासारखे होतात. दोघांनी दादाला कधी पाहिलेलं नव्हतं. त्याच्या फोटोच्या जागी लॉरीचा फोटो. मी हात जोडले, ते म्हणाले, "नमस्कार गजाननराव," आणि मी "नमस्कार" म्हणून बसलो.

माझ्या भाजीच्या टेम्पोत पुढे तिघं दाटीवाटीने निघालो. ताईंनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. केस बोटभरही नव्हते.

"काऊन हो भाऊ, केस कुठं गेले?"

"तिरुपतीले गेलतो," मी म्हणालो. आमच्याकडे डोकं तासलेलं दिसलं की हे उत्तर चालतं. पुढे कोणी विचारत नाही.

काका मात्र विचारणारे निघाले. लाडवाची रांग किती होती, डोंगर पायी चढलात का, उतरताना कुठे जेवलात. मी वळणं बघून गाडी चालवतोय असं दाखवत राहिलो. सरळ रस्त्यावर.

हायवे सोडला, आत वळलो, आणि चिंच दिसली. धूरही दिसला. पण सोबत एक मोठा मांडव दिसला, चाळीस-पन्नास मोटरसायकली दिसल्या, आणि तीन चुलींवर तीन हंडे दिसले.

काका म्हणाले, "गर्दीवरून हॉटेल ओळखावं." माझी छाती फुगली.

मांडवाच्या तोंडाशी खुर्चीवर एका मिशीवाल्या माणसाचा फोटो होता, हार घातलेला, उदबत्ती लावलेली. पुढे पत्रावळीवर मटण, रोटी, तांब्यात ताडी आणि विडीचं बंडल. आता तुम्हीच सांगा, कुठल्या हॉटेलात गल्ल्याजवळ जुन्या मालकाचा हार घातलेला फोटो नसतो? मी काकांना तेच सांगितलं. काकांनी चपला काढून फोटोला नमस्कार केला.

ताई थबकल्या. घराच्या दाराशी दोन बायका पदराने डोळे पुसत होत्या.

"भाऊ, त्या बाया रडून राह्यल्या."

"मसाल्याचा धूर हाय ताई. पाट्यावर वाटते इथं."

ताईंनाही पटलं. खानावळीत त्यांचेही डोळे तसेच होतात.

आता तुम्ही म्हणाल, अरे येड्या, तुला एवढं कळू नये? पण आमचं गाव पार हद्दीवरचं, सगळी मराठी घरं. कापूस, ज्वारी, आणि तेरवीला वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. त्या पंगतीत मटण? कांदा चिरला तरी आत्या ओरडते. ताडी तर स्वप्नातही नाही. मटण म्हणजे धंदा, नाहीतर लग्न, नाहीतर देवीचा नवस. दुसरं काही माझ्या डोक्यात येण्यासारखंच नव्हतं.

आम्ही पंगतीत बसलो. पत्रावळी आल्या, रोटी आली, मटण आलं. वाढणारा माझ्याच वयाचा, डोकं गुळगुळीत तासलेला. मी ओळखीचं हसलो.

"तिरुपतीहून आलात? दर्शन चांगलं झालं?"

त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि वाटी भरली. मला वाटलं, मराठी येत नसेल.

पहिला घास घेतला. अहो, काय मटण होतं! काका डोळे मिटून बसले. ताईंचा पोलीस नोकरी सोडून गेला. पण मी तर गजानन ना! जाणकार! मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी त्या पोराला हाक मारली आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणालो, "भाऊ, नेहमीपेक्षा मीठ कमी पडलं आज. आचारी बदलला काय?"

शेजारचे दोन म्हातारे जेवायचे थांबले.

"आन् नळी असंल तर एक आना."

त्याने आणली बरं का. गपचूप आणली आणि माझ्या पानात ठेवली.

काकांचं जेवण झालं आणि काका पेटले. फोन बाहेर काढला, व्हिडिओ चालू केला, फोटोजवळ जाऊन उभे राहिले. "नमस्कार मंडळी, आज आपण आलोय चिंचेखाली..." आणि मग मला म्हणाले, "गजाननराव, मालकाला बोलवा की, दोन शब्द कौतुकाचे बोलू."

मी त्या पोराला विचारलं, "मालक कुठं हाय?"

त्याने फोटोकडे बोट केलं.

"ते जुने मालक. आत्ताचे? मल्लय्या?"

"हाच मल्लय्या," तो म्हणाला. "माझा अन्ना, मोठा भाऊ. अकरा दिवस झाले. आज दिनम हाय त्याचा, तुमच्याकडं तेरवी म्हणता ते."

काकांचा फोन चालूच होता, हात तसाच वर. मागे हंड्यात पळी फिरल्याचा आवाज येत होता.

मला वाटलं जमीन फाटावी आणि मी नळीसकट आत जावं. पण त्याचं अजून संपलं नव्हतं. त्याने विचारलं, तुम्ही कोणाकडचे. ओरडून नाही, अगदी साधं विचारलं. काका मदतीला धावले, म्हणाले, हे गजाननराव, लॉरीवाले, यांनीच आणलं आम्हाला.

त्या पोराने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"गजानन अन्ना? कापसाची गाडी? त्याला मी ओळखतो. दोघं इथं बसून ताडी प्यायचे, या चिंचेखाली. दिनमचं सांगायला रात्रंदिवस त्याचा नंबर शोधला, अन्नाने कुठल्या नावाने ठेवला ते वहिनीला सापडेना." मग थांबून म्हणाला, "तू गजानन अन्ना नाहीस."

ताईंचा घास हातातच राहिला.

"मी त्याचा भाऊ," मी म्हणालो. "तो बी गेला. दोन मैने झाले."

हे वाक्य मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. गरजच नव्हती, घरात सगळ्यांना माहीत होतं. ग्रुपवर दहादा लिहून पुसलं होतं. आणि पहिल्यांदा तोंडातून निघालं ते दुसऱ्याच्या दिनमला, बोटाला रस्सा लागलेला असताना.

तो माझ्या डोक्याकडे बघत राहिला. मग स्वतःच्या टकलावरून हात फिरवला.

"मी बी नाही गेलो तिरुपतीला," तो म्हणाला.

आणि आम्ही दोघं हसलो. खरं सांगतो, आधी हसलोच. मग जे झालं ते मसाल्याच्या धुराने झालं असं समजा.

त्याचं नाव पोशन्ना. अन्नाने त्याला जन्मात हंड्याला हात लावू दिला नव्हता. आजचं मटण त्याने पहिल्यांदाच केलेलं. मला म्हणाला, "मीठ खरंच कमी हाय?"

"मले काय माहीत," मी म्हणालो. "मी बी पैल्यांदाच खाऊन राह्यलो."

तो उठून मिठाची वाटी घेऊन आला. ती माझ्या पानाशी ठेवली आणि म्हणाला, तुझा दादा आला असता तर नळी त्याचीच होती, संपव. मी संपवली. ताई हात धुऊन दारातल्या बायकांजवळ जाऊन बसल्या. काकांनी व्हिडिओ पुसला आणि फोटोला परत नमस्कार केला, या वेळी कोणाला करतोय ते माहीत असून.

परतीला टेम्पो निघाला. मग काकांनी खाकरून विचारलं, "बेल्लमपल्लीची इडली?"

"नाई खाल्ली."

"घाटातली भजी?"

"नाई."

"आन् तो पेढा?" ताई म्हणाल्या. "त्या पेढ्यासाठी मी दोन बसा बदलल्या, भाऊ. त्या गावात मिठाईचं दुकानच नाई. मले वाटलं, मीच चुकले."

मी वळणं बघत राहिलो. या वेळी वळणं खरी होती, आणि नीट दिसत नव्हती.

मला वाटलं होतं, आता दादाचा नंबर ग्रुपमधून निघणार. रात्रभर फोन उशाशी घेऊन वाट पाहिली. सकाळी काकांचा निरोप आला. आधी दादाला चार ओळी वाहिल्या होत्या, त्या मी इथे सांगत नाही. मग लिहिलं होतं, नंबर राहील, नाव बदलून 'गजाननचा भाऊ' करावं. आणि खाली नवा नियम, सगळ्या सभासदांसाठी, पण रोख कोणाकडे ते कळायला शाळा लागत नाही:

यापुढे शिफारस करताना दोन गोष्टींची खात्री द्यावी. एक, हॉटेलचा मालक जिवंत आहे. दोन, शिफारस करणाराही.

तेव्हापासून रोज सकाळी चहा घेतला की मी ग्रुपवर आधी लिहितो, "आहे." मग चहा कसा होता ते.