ताईचा नियम

माझी ताई सरळ आहे. इतकी सरळ की राग येतो. काहीही शोधायचं असलं की सगळं जग ज्या कंपनीला विचारतं, तिथे ती कामाला होती. तिच्या पडद्यावर एका प्रश्नाची दोन उत्तरं शेजारी शेजारी यायची. जास्त उपयोगाचं कोणतं ते तिने सांगायचं. तिच्यासारख्या शेकडो जणांच्या मतावर कोण वर दिसणार हे ठरे.

एकदा प्रश्न आला, जवळपास कुलूप उघडून देणारा कोण? डावीकडे माझं दुकान, उजवीकडे कंपनीनेच नव्याने काढलेली दुरुस्ती-सेवा. नात्यातलं कुणी आलं तर मत द्यायचं नाही, असा नियम. ताईने दिलं नाही. वर घरी येऊन मला सांगितलं!

"अगं, सख्ख्या भावाचं दुकान! एक बोट दाबलं असतंस तर काय झिजलं असतं?"

"मग माझ्या बाकीच्या मतांना काय अर्थ राहिला रे?"

मी तिच्याशी अबोला धरला.

पुढच्याच आठवड्यात वरून फर्मान आलं. आपली सेवा समोर आली की तीच वर ठेवायची. म्हणजे नियम फक्त आमच्यासाठी! कंपनीच्या आतल्या चर्चेत, सगळ्यांना दिसेल असं, ताईने लिहिलं : "मी भावाला वर चढवलं नाही. कंपनी स्वतःला कशी चढवते?" दुपारपर्यंत अर्धं ऑफिस 'बरोबर आहे' म्हणालं. संध्याकाळी ते लिहिलेलं गायब. सकाळी हिच्या कार्डाने फाटक उघडेना. रखवालदाराने तिचा कप आणि स्वेटर खोक्यात घालून आणून दिले. कारण काय, तर म्हणे वातावरण बिघडवलं. चोर तो चोर, वर शिरजोर!

माझं दुकान फोनमध्ये खाली खाली गेलं, मग दिसेनासंच झालं. ताई माझ्याबरोबर दुकानात बसू लागली.

परवा दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरू बाई दाराबाहेर अडकल्या. किल्ली आत, दार ओढलं गेलेलं. जिन्यात ताटकळत बसल्या, आम्हाला पत्ताच नाही. शेवटी कंपनीचा माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाहून आला, आणि माझ्याकडेच पक्कड मागायला खाली उतरला! माझं डोकंच फिरलं. ताईने पक्कड दिली.

"त्याच्यावर कशाला ओरडतोस? तो बिचारा हुकमाचा ताबेदार."

पक्कड परत द्यायला बाई स्वतः आल्या.

"रोज इथूनच जाता ना? दुकान दिसलं नाही?" मी विचारलं.

"दिसलं हो," बाई ओशाळल्या. "पण फोनमध्ये कुठेच नाही. म्हटलं, माणूस भरवशाचा नसेल."

माझ्या सरळ ताईने आयुष्यात पहिल्यांदा शिवी हासडली. बाईंना नव्हे.