जिभाऊंना श्रद्धांजली वाहायला बंदी आहे

जिभाऊ गेले. आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहायला बंदी आहे.

ही बंदी माझी नाही. त्यांचीच.

जे आमच्या ग्रुपवर नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आम्हा तळोदेकरांचा एक गप्पांचा ग्रुप आहे. मी त्याची ॲडमिन. म्हणजे पगार शून्य, शिव्या भरपूर.

आणि जिभाऊ म्हणजे आमच्या गल्लीतले रिटायर्ड गुरुजी. काकू गेल्या, मुलगा सुरतला. घरात ‘मीठ बरोबर पडलंय का’ एवढं विचारायलासुद्धा कोणी उरलं नाही.

मग ते आमच्या ग्रुपवर आले आणि अख्ख्या गावाला विचारायला लागले.

“वर मोलगी गावले थंडी पडनी का?”

“सीताफळ उनात का बाजारमा?”

“आज कोना घर काय भाजी शे?”

एकदा विचारलं, “मेथी निवडताना काड्या टाकतस की ठेवतस?”

अरे देवा! काड्यावाले आणि बिनकाड्यावाले अशी गावाची फाळणी झाली. दोन सख्ख्या जावा ग्रुपवर भांडल्या. एकाच घरात राहतात हो त्या! एक ओट्यावरून टाइप करत होती, एक माडीवरून.

आणि आग लावून जिभाऊ गायब. संध्याकाळी येऊन म्हणतात, “मी तं आज वांगा कयात.”

आता त्या बंदीची गोष्ट.

त्यांचा वाढदिवस होता. फोटोला फ्रेम लावायचं ॲप त्यांना नवीनच सापडलं होतं. सगळ्यात सुंदर फ्रेम त्यांनी निवडली. पांढऱ्या फुलांचा हार, खाली दोन समया.

आणि टाकला फोटो ग्रुपवर. खाली एक अक्षर नाही.

झालं! भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. गावाचा आधारवड कोसळला. एक हसतमुख व्यक्तिमत्त्व हरपले.

फोटो खुद्द जिभाऊंच्या नंबरवरून आलाय, हे कोणाच्याच डोक्यात शिरलं नाही.

कहर म्हणजे चष्मा सापडत नव्हता, म्हणून जिभाऊंना वाटलं की शुभेच्छाच येताहेत. ते प्रत्येकाला हात जोडून ‘धन्यवाद’ पाठवत होते. आणि लोक त्या धन्यवादच्या खालीही श्रद्धांजली वाहत होते!

दुपारी खापरहून जीप भरून त्यांचे साडू-मेहुणी आले. आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला जाण्याला ‘दारवर जाणं’ म्हणतात. बायका गल्लीच्या तोंडापासूनच रडायला सुरुवात करतात. मेहुणीबाईंनीही गळा काढला.

जिभाऊ ओट्यावर बनियन घालून मेथी निवडत बसलेले.

घाबरून उठले. “कोन गया वं माय?”

मेहुणीबाई पदराआडून रडत म्हणाल्या, “तुम्ही!”

आणि मग वर बघितलं.

त्या दिवशी आलेला एकही पाहुणा उपाशी गेला नाही. वाढदिवसाचं वरण-बट्टी होतंच. आम्ही शेजारणींनी आणखी बट्ट्या वळल्या आणि पोटं दुखेपर्यंत हसलो.

संध्याकाळी ग्रुपवर जिभाऊंचा आवाज आला.

“बठ्ठास्नी श्रद्धांजली वाही, लई बरं वाटनं. पन एकनीबी इचारं नही, की जिभाऊले झायं काय व्हतं! अरे, श्रद्धांजली टाकी की बोलनंच खुटनं. जवय मी खरंच मरसू ना, तवय श्रद्धांजली नका टाकज्यात. काहीतरी इचारज्यात.”

आम्ही खूप हसलो होतो.

आज सकाळी ते खरंच गेले. झोपेतच.

मी ग्रुपवर लिहिलं, “जिभाऊ गेले.”

लगेच उत्तर आलं, “कुठे? सुरतला?”

दुसऱ्याचं, “फोटो नवीन आहे की तोच जुना?”

रडता रडता हसू आलं मला. मग सगळ्यांना कळलं.

मला धडकी भरली होती. आमच्या लोकांची बोटं मला माहीत आहेत. माझीच बघा ना, ‘भा’ टाइप केलं की पुढचं सगळं फोन आपोआप लिहितो. एकाने जरी टाकलं असतं, तरी मागोमाग रांगच लागली असती. आणि त्यांचं एवढं एकच मागणं मातीत गेलं असतं.

पहिला मेसेज आला मोलगीच्या नर्सताईचा. ती कधीच काही लिहीत नाही, फक्त वाचते.

“जिभाऊ, तिकडे मेथीच्या काड्या टाकतात की ठेवतात?”

आणि मग सुटलेच सगळे!

“जिभाऊ, तठे रेंज शे का?”

“काकू भेटल्या का? आधी काय बोलल्या?”

“चष्मा लई गयात ना?”

एकही श्रद्धांजली नाही. एकही नाही! मला माझ्या गावाचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

मग ग्रुपच्या लिंकवरून नुकत्याच आत आलेल्या एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला.

“मी जिभाऊंचा मुलगा. सुरतहून निघालोय, रस्त्यात आहे. कोणी सांगू शकेल का, काल आप्पा काय जेवले?”

एका मिनिटात सगळा ग्रुप बोलला. फुणके-कढी, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके आणि कढी. कढीत मीठ जास्त झालं होतं. फुणके मात्र झकास, त्यांनी फोटो टाकला होता. जेवून सुपारी शोधत होते, ती सापडली.

पोराला सगळं कळलं. त्याच्या बापाचा एकही घास कोणाच्या लक्षातून सुटला नव्हता.

मी लिहिलं, “दादा, थोडे फुणके मलाही पाठवले होते. डबा माझ्याकडेच आहे.”

तो डबा आत्ता माझ्यासमोर आहे. घासून पुसून ठेवलाय.

आमच्याकडे शेजारचा डबा रिकामा परत देत नाहीत. सकाळपासून स्वयंपाकघरात उभी आहे आणि काही सुचत नाहीये.

म्हणून नियमाप्रमाणे माझाही प्रश्न.

जिभाऊ, डब्यात काय भरू?