गिदोनचा दुसरा भाग

कृपाबाई पाटोळे मला पहिली दहा वर्षं अजिबात आवडल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. कोल्हारात आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी भीमराज जगधने, प्राथमिक शाळेत मास्तर. चौथीच्या पोरांना इतिहास शिकवून घरी आलो की निवांत पेपर वाचावा, एवढीच माझी अपेक्षा. आणि त्या मिशनच्या दवाखान्यात नर्स. आवाज वॉर्डातला, चाळीस खाटांना पुरेल असा. "गुरुजी, झोपला काय?" असं भिंतीपलीकडून विचारून त्या झोपलेल्या माणसाला जागं करायच्या.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. धाकटी बहीण वारली तेव्हा तिचा चार वर्षांचा मुलगा स्टीफन त्यांनी घरी आणला आणि वाढवला. पोरगं गुणी, पण वानराच्या जातीचं. त्र्याण्णव साली ते चिंचेवरून पडलं आणि पायाला मांडीपर्यंत प्लास्टर बसलं. हे दोन महिने गुमान खाटेवर पडून राहणार नाही, हे नर्सला वेगळं सांगायला नको होतं. त्यांनी थेट नगर गाठलं आणि टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊन आल्या. सोबत दोन रिमोट आणि एक कॅसेट.

कॅसेटवरची अक्षरं चिनी होती की जपानी, ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. पडद्यावर जुन्या काळातला एक योद्धा घोड्यावर बसून निघायचा आणि तलवारीने शिपाई कापत एकामागून एक सात किल्ले घ्यायचा. त्याचं नाव वाचता येईना, म्हणून कृपाबाईंनी त्याला बायबलातला गिदोन करून टाकलं. थोडक्या माणसांनिशी मोठ्या फौजेला भिडला, तो गिदोन. प्लास्टर निघालं, पाय बरा झाला, तरी मावशी-भाचे रोज संध्याकाळी त्या खेळाला बसायचे. पुढची दोन वर्षं मी पेपर तलवारींच्या खणखणाटात वाचला. "मावशी, उडी मार! मार!" आणि मग दोघांचं ते खिदळणं. मी भिंतीवर छडी आपटायचो. त्याने ते आणखीच हसायचे.

पंच्याण्णवच्या जूनमध्ये स्टीफन पुण्याला आयटीआयला गेला. मला वाटलं, सुटलो. कसलं काय! कृपाबाई एकट्याच खेळायला लागल्या.

ड्युटीवरून आल्या की हातपाय धुवायच्या, चहा घ्यायच्या आणि पाचच्या सुमाराला गिदोन निघायचा. आता बोलणं नाही, हसणं नाही, नुसता खणखणाट. पन्नाशीची बाई दवाखान्याच्या पांढऱ्या साडीतच खाटेच्या कडेला बसून बटणं दाबतेय, हे मला आधी फार हास्यास्पद वाटलं. शाळेत मी ते तिखटमीठ लावून सांगितलंही. मग एकदा वाटीभर साखर मागायला गेलो, तर दुसरा रिमोटही पुसूनबिसून, वायर नीट गुंडाळून त्यांच्या शेजारी खाटेवर ठेवलेला दिसला. त्या दिवसापासून मी शाळेत तो विषय काढला नाही. एकटेपणा मलाही ठाऊक होता. माझी बायको सीमा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी पेपरामागे लपायचो, त्यांना लपता यायचं नाही, एवढाच काय तो फरक.

मग मीच कधीमधी जाऊन बसायला लागलो. खेळायला नव्हे, चुका काढायला. एवढी दौड झाल्यावर घोडा असा पळत नसतो, किल्ल्याचा दरवाजा असा उघडा टाकत नसतात, वगैरे. त्या नजर न हलवता म्हणायच्या, "गुरुजी, नाकानं कांदे सोलू नका. चहा प्या."

शहाण्णवच्या दिवाळीत स्टीफन दोन दिवस आला आणि सहज बोलून गेला की ह्या खेळाचा दुसरा भाग निघणार आहे, पुण्यातला एक दुकानदार सांगत होता. झालं, बाई पेटल्या. दवाखान्यातल्या जुन्या केसपेपरांच्या कोऱ्या पाठीवर सुधारणांची यादी सुरू झाली. रोग्याचा ताप लिहावा तशी प्रत्येक सुधारणेपुढे तारीख आणि वेळ.

"गिदोनाला मागं फिरता येत न्हाई. निसतं उजवीकडं चालत ऱ्हायचं. मानसाला मागं फिरता आलं पायजे." हे पहिलं कलम. घोड्याचा पाय ओढ्यात बुडाला की घोडा मरतो, तर तो पोहला पाहिजे. लाइट गेली की खेळ पुन्हा पहिल्या किल्ल्यापासून सुरू होतो, आणि आमच्याकडे लाइट तर रोजचीच जायची. तेव्हा गडी जिथं होता तिथंच सापडला पाहिजे. तिसऱ्या किल्ल्यावर एक स्वयंपाकीण हंडा घेऊन उभी असते, तिला मारलं तर शंभर गुण मिळतात. "हे पाप हाय, काढून टाका." आणि शेवटच्या कलमाखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या. पहिल्या भागात एक मेल्यावरच दुसऱ्याची पाळी यायची. दुसऱ्या भागात दोघांना एकाच वेळी, बरोबर जाता आलं पाहिजे.

ती यादी चांगल्या अक्षरात मीच उतरवून दिली. स्टीफनने तिचं इंग्रजी करून कंपनीला धाडावी असं ठरलं. महिन्याभराने त्याचं पोस्टकार्ड आलं, की यादी पाठवली आहे, काळजी नसावी. कुठल्या पत्त्यावर पाठवली, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण बाई ते कार्ड पुन्हा पुन्हा वाचत होत्या, मी गिळून टाकलं.

लवकरच स्टीफनला तिकडेच एका कारखान्यात नोकरी लागली. शहाण्णवच्या नाताळात तो आला नाही, सत्त्याण्णवच्या नाताळातही नाही. शिफ्ट बदलून मिळत नाही म्हणाला. महिन्यातून एखाद्या रविवारी छगनशेटच्या दुकानात त्याचा फोन यायचा. छगनशेट ओरडले की ह्या हातातलं काम टाकून चपला न घालता धावायच्या. दोनच मिनिटं बोलणं. त्यात एक मिनिट दुसऱ्या भागाचं. आला का? दुकानात चौकशी केलीस का? घोडा पोहतो का?

मला ते ऐकवेना. एकदा दुकानातून येताना मी चिडून म्हणालो, "अहो कृपाबाई, तो खेळ गेला खड्ड्यात. तू कधी येणार, हे विचारा ना त्याला."

"इचारत हुते की," त्या म्हणाल्या. "कवा येनार म्हनलं की पोरगं गप होतं, गुरुजी. खेळाचं इचारलं की बोलतं."

दोन वर्षं बाई कशाची वाट बघत होत्या, ते मला तेव्हा नीट कळलं. आणि माझी मलाच लाज वाटली.

अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात फोन आला. दुसरा भाग मिळाला, नाताळला घेऊन येतो. त्या दिवसापासून बाईंच्या चालण्यात फरक पडला. घराला चुना झाला. दारावर कागदाची चांदणी चढली. करंज्या इतक्या झाल्या की तीन डबे माझ्याकडे ठेवायला दिले. संध्याकाळी खेळणं मात्र बंद. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "आता दोघं मिळून नवाच खेळायचा."

स्टीफन सव्वीस तारखेला अकराच्या गाडीने आला, आणि चारच्या गाडीने परत जाणार होता. एकोणीस वर्षांचा झालेला, मिशी फुटलेली, मनगटावर मोठं घड्याळ. वागायला अजून गोड. माझ्या पाया पडला. मावशीला स्वेटर आणला होता. मटणाचं जेवण झालं, चर्चमधल्या लोकांच्या गप्पा झाल्या, असं करता करता दोन वाजले. मग त्याने पिशवीतून कॅसेट काढली. वर मोठा दोनचा आकडा आणि घोड्यावरच्या स्वाराचं झकास चित्र.

"मावशी, सगळं सुधारलंय बघ यात. दुकानदार म्हणाला, रंग तर विचारूच नको."

टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता, पण कुणी तसं बोललं नाही. कॅसेट बसली. पडद्यावर दोनचा आकडा आला, नंतर संगीत सुरू झालं, आणि मी सरसावून बसलो. तेच संगीत. मग तोच तट, तोच घोडा, तेच शिपाई, त्याच क्रमाने. कुणा लबाडाने वरची पट्टी आणि सुरुवातीचा आकडा बदलून पहिलाच खेळ दुसऱ्यांदा विकला होता. आयुष्यात रिमोटला हात न लावलेल्या मला ते अर्ध्या मिनिटात कळलं, मग बाईंना तर पहिल्या सुरालाच कळलं असणार. मी तोंड उघडलं.

"गुरुजी, करंजी घ्या," त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. मी करंजी घेतली.

स्टीफन दुसरा रिमोट घेऊन बसला होता. त्याने दोन-चार बटणं दाबून पाहिली. "माझा चालत नाही वाटतं," असं म्हणून रिमोट खाली ठेवला आणि घड्याळात पाहिलं. बाई खेळत राहिल्या.

पहिल्या किल्ल्याच्या दरवाजातून आत गेलं की गवताने झाकलेला एक खड्डा आहे. प्लास्टरच्या दिवसांत स्टीफन त्यात रोज पडायचा आणि चिडून रडायचा. मावशी पडली की मात्र "मावशी पडली! मावशी पडली!" असं ओरडून खाट दणाणून सोडायचा. ते ओरडणं माझ्या भिंतीने शेकडो वेळा ऐकलंय. नंतरच्या वर्षांत बाई त्या खड्ड्यात कधी म्हणून पडल्या नाहीत. माझ्याशी बोलता बोलताही त्यांचा अंगठा आपोआप उडी मारायचा.

त्या दिवशी दरवाजा आला, गवत आलं, आणि गिदोन सरळ चालत खड्ड्याकडे गेला.

"अहो!" माझ्या तोंडून निघालंच. पण गिदोन पडला होता. कृपाबाईंनी रिमोट मांडीवर ठेवला आणि स्टीफनकडे पाहिलं.

स्टीफन पुढे वाकला. "आयला! हा खड्डा नवीन टाकलाय वाटतं. आधीच्यात नव्हता ना गं?"

बाईंनी मांडीवरचा रिमोट पुन्हा हातात घेतला.

"न्हवता," त्या म्हणाल्या. "नवीन हाय."

"बघ! तुझ्या यादीचा उपयोग झाला म्हणायचा." तो खूश झाला, आणि उरलेला वेळ शिफ्टच्या सुपरवायझरबद्दल सांगत बसला.

चारच्या गाडीला त्याला बसवायला आम्ही दोघं स्टँडवर गेलो. खिडकीतून त्याने हात हलवला, पुढच्या वेळी मुक्कामाला येतो म्हणाला. गाडी पुलाकडे दिसेनाशी झाल्यावर आम्ही परत फिरलो. माझं मन भरून आलं होतं, आणि मास्तर माणसाला अशा वेळी गप्प बसवत नाही.

"कृपाबाई, मानलं तुम्हाला," मी म्हणालो. "तो खेळ जुनाच आहे हे त्याला कळू नये, म्हणून मुद्दाम पडलात. पोराच्या आणलेल्या वस्तूची लाज राखलीत."

गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा त्या थांबल्या.

"त्याच्यासाठी न्हाई पडले, गुरुजी. मला वाटलं, मी पडले की तो हसंल. म्हनंल, मावशी पडली." पदराने त्यांनी तोंड पुसलं. "त्याला पहिला भागच आठवत न्हाई. दोन वर्सं दुसऱ्याची वाट बघत हुते ती मी एकटीच."

त्यांच्या दारापर्यंत मी नुसता सोबत चालत गेलो. कुलूप काढता काढता त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खड्ड्यापाशी 'अहो' तेवढं तुमी म्हनला."