धाकट्याने तशीच ठेवलेली विंच

गोदीत सगळे त्याला दादाच म्हणत, घरचे काय अन् परके काय. दादाने जन्मभर लोकांच्या शिडाच्या होड्या दुरुस्त केल्या. धाकट्या भावाच्या होडीला मात्र कित्येक वर्षं हात लावला नव्हता. आईला कोणी सांभाळायचं यावरून दोघांत वाजलं होतं. आई गेली, अबोला तेवढा राहिला. मग एका सकाळी धाकटाही गेला. आंघोळ करून खुर्चीत बसला, तो उठलाच नाही.

दिवस-वार झाल्यावर भावजय गोदीत आली.

"होडी विकायची आहे, भाऊजी. गिऱ्हाईक आलंय, पण शिडाची दोरी ओढायची विंच जाम आहे."

दादा हत्यारांची पेटी घेऊन निघाला. हँडल घालून जोर केला, तर होडीच डुलली. गरम गोडं पाणी ओतलं, तेल सोडलं, लाकडी हातोडीने चहूबाजूंनी ठोकलं. ढिम्म. शेवटी अख्खी विंचच बुडापासून काढायची ठरली. तिचे बोल्ट डेकमधून आरपार गेलेले. वरून एकाने फिरवायचं, तर खालून दुसऱ्याने नट धरायला हवा. पूर्वी अशा कामाला खाली नेहमी धाकटा शिरायचा, अंगाने बारीक म्हणून.

"मी धरते," म्हणत भावजय खाली उतरली.

"पाना घट्ट धर हं. निसटला तर बोटं चेचतील."

पहिला बोल्ट करकरत सुटला. दुसऱ्याच्या वेळी खालून आवाज आला, "मी मेकॅनिक आणला होता मागे. ह्यांनी दारातूनच परत पाठवला."

"का गं?"

"म्हणाले, राहू दे जाम. दादाच्या कानावर जाईलच. त्याला राहवायचं नाही, येईल आपणहून."

दादाच्या कानावर गेलं होतं. कामावर जाता-येता ती होडी दिसायचीही, शीड न चढवता बांधून ठेवलेली. तो मान वळवून पुढे जायचा.

"भाऊजी? थांबलात का?"

"धरून ठेव," तो कसाबसा म्हणाला.

विंच त्याने आपल्या टेबलावर उघडली. आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं, चाकांच्या दातांत मिठाचे खडे. एकेक चाक रॉकेलने धुतलं, खिट्ट्यांच्या गंजक्या स्प्रिंगा बदलल्या, बेताचं तेल दिलं. पुन्हा जुळवून दोरी गुंडाळायचा ढोल फिरवला. कट कट कट करत तो मोकळा फिरू लागला.

"सुटली रे, बघ!" तो सवयीने बोलून गेला. मग तिथेच स्टुलावर बसून तोंडाला तेलकट फडकं लावून ढसाढसा रडला.

"ठेवून घेऊ का होडी?" विंच परत बसवताना भावजयीने विचारलं.

"नको. मला रोज बघवायची नाही."

नवा मालक होडी घेऊन गेला, तेव्हा दोघं धक्क्यावर उभी होती. शीड लांब जाईपर्यंत तिकडेच बघत राहिली.

"घरी चला, दोन घास खाऊन जा," ती म्हणाली.

तो गेला. तिने ताट वाढलं. धाकट्याच्या खुर्चीकडे पाठ करून दादा बसला खरा, पण ताट तसंच राहिलं.