नाकावरचा हात

चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं काढल्यावर माणूस माणसांना नाकावरून ओळखायला लागतो. आमच्या चष्मेवालीचं तसंच झालं होतं. गिऱ्हाईक दारात असतानाच तिला कळायचं, की या नाकावरून फ्रेम घसरणार, त्या नाकावर रुतणार. मग ती बारीक पकडीने चष्मा इकडेतिकडे वाकवायची, काड्या गरम करून कानामागे वळवायची आणि म्हणायची, "आता खाली वाकून बघा." चष्मा जागचा हलायचा नाही.

स्वतःच्या नाकाशी मात्र तिचं कधी पटलं नाही. ते आईकडून आलेलं, लांब आणि मधोमध उंचवटा असलेलं. एरवी त्याचं काही नव्हतं, पण ती हसली की नाकाचं टोक खाली ओठाकडे यायचं. शाळेत कुणीतरी त्यावरून चिडवलं, आणि तेव्हापासून हसू आलं की उजवा तळहात आपोआप नाकावर जायचा. घरातल्या एकूण एक फोटोत बाई नाक झाकून उभी. "आमच्या घरात कायम काहीतरी करपलेलं असतं, असं वाटतं लोकांना," दादा म्हणायचा.

बेचाळिसाव्या वर्षी तिने ठरवलं, बस झालं, आता हात खाली ठेवून हसायचं. ऑपरेशन करायचं. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "कर बाई. घराण्यात एक तरी चांगलं नाक होऊ दे."

घरात दोघीच. आईला ऐकू येणं पंधरा वर्षांपूर्वी पार बंद झालेलं. समोरच्याचे ओठ बघून ती सगळं समजून घ्यायची, आणि त्यात भलतीच तरबेज होती. शिवाय या मायलेकींचं बोलणं म्हणजे सगळा उलटा कारभार. प्रेमाचा शब्द चुकूनही तोंडातून निघायचा नाही. "उठलीस का म्हातारे? मला वाटलं, सुटले," असं म्हणत लेकीची सकाळ व्हायची आणि "तुझ्यासारखी लेक वैऱ्यालाही नको," म्हणत आई चहा पुढे सरकवायची. परक्याला वाटावं, यांचं हाडवैर आहे.

ऑपरेशन नीट पार पडलं. आठवड्याने नाकावरचा कडक साचा निघाला. सूज होती, पण उंचवटा गेला होता. चष्मा नाकावर टेकवायला महिनाभर बंदी, म्हणून चष्मेवालीने स्वतःचा चष्मा चिकटपट्टीने कपाळाला चिकटवला. नाकाला हात लावायचीही सक्त मनाई होती. आई दिवसभर मागे मागे: उशी उंच घे, खाली वाकू नकोस, शिंक आली तर तोंड उघडून शिंक. लेकीच्या अगदी नाकी नऊ आले. साचा काढल्याच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अगं, जा की चार दिवस दादाकडे. मलाही जरा शांतता मिळेल."

हे वाक्य ती महिन्यातून दोनदा तरी म्हणायची, आणि आईचं उत्तरही ठरलेलं होतं: "मी तुझ्या छातीवरच बसणार आहे." त्या दिवशी मात्र आई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग "बरं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून ती चार गल्ल्या पलीकडे दादाकडे निघूनही गेली.

चष्मेवालीला कारण एकच सुचलं, नाक. आपण आईचं नाक टाकून दिलं. तोंडाने कर म्हणाली खरी, पण आता रोज समोर बघवत नसेल तिला. घाबरत घाबरत तिने फोनवर निरोप लिहिला, "कधी येतेस?" उत्तर आलं, "मी बरी आहे. तू विश्रांती घे. जेवत जा." इतकं सरळ, इतकं गोड वाक्य त्या घरात कुणी कुणाला कधी लिहिलं नव्हतं. ते वाचून तिला रडूच आलं.

दोन दिवसांनी तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वरचा ओठ कडक वाटतो का?"

"लाकडासारखा."

"हसून दाखवा बघू." आणि त्यांनी आरसा समोर धरला.

चष्मेवाली हसली. आरशात ओठांची सरळ रेघ होती, चेहरा कोरा आणि थोडा रागीटच. "अहो, मी हसतेय," ती म्हणाली.

"कळलं मला. नाकाचं टोक खाली ओढणारा स्नायू आपण सैल केलाय, त्यात तिथे सूज. ओठ काही आठवडे असाच आखडलेला राहील. हसू हळूहळू परत येतं, कदाचित थोडं वेगळं वाटेल. ओढूनताणून हसायला जाऊ नका."

तिने आरसा हातात घेतला आणि हळूच म्हणून बघितलं, "जा की चार दिवस दादाकडे. मलाही जरा शांतता मिळेल." आरशातली बाई ते अगदी मनापासून म्हणत होती.

आईने काही चुकीचं वाचलं नव्हतं. पंधरा वर्षं आईला शब्द ओठांवरून कळत होते आणि थट्टा हसण्यावरून. या वेळी शब्द तेवढे पोचले होते.

तिथून ती थेट दादाकडे गेली. दार उघडताना वहिनी पुटपुटली, "आल्यापासून धड जेवल्या नाहीयेत." आई खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती. लेकीला बघून तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. "दुखतंय का?"

चष्मेवालीला सगळं सांगायचं होतं, स्नायू, सूज, आरसा. "आई, बघ इकडे," तिने सुरुवात केली, आणि आईच्या डोळ्यांत चक्क भीती दिसली. या लाकडी तोंडाने समजावलं तरी ते रागावल्यासारखंच दिसणार होतं. ती थांबली. मग एकेक शब्द सावकाश म्हणाली, "राहा बाई इथेच. कायमची. माझी ब्याद टळली." आणि उजवा तळहात वर नेऊन नाकासमोर धरला, बोटभर अंतरावर.

आई त्या हाताकडे बघत राहिली. मग खोलीभर ओरडली, "हात काढ तो नाकावरचा! डॉक्टरांनी काय सांगितलंय?" आणि वहिनीकडे वळून, "माझी पिशवी कुठे ठेवलीस गं? ही वैरीण एकटी राहिली तर नाक मोडून घेईल!"

हे म्हणताना आई हसत होती. हसता हसता तिच्या नाकाचं टोक खाली ओठाकडे आलं होतं. आपलं हसू कसं दिसायचं, ते चष्मेवाली पहिल्यांदाच नीट बघत होती. हात खाली घ्यायचं तिला सुचलंच नाही.