चकलीचं बाहेर उरकेना

उंबरा ओलांडला की माणूस किती बदलतो हे ज्याला पाहायचं असेल, त्याने गाझियाबादला येऊन आमच्या काकांना घराबाहेर पडताना पाहावं. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत हयात घालवून आता इथल्या एका सोसायटीत सातव्या मजल्यावर राहतात. मी समोरच्याच फ्लॅटमध्ये भाड्याने राहते, त्यामुळे हा चमत्कार मला रोज फुकट पाहायला मिळतो. घरात काकांची मराठी अगदी तुपासारखी. आमटी "अंमळ गुळचट" झालेली असते, पंखा "कुरकुरतोय मेला" असतो. पण एक पाय दाराबाहेर पडला की दुसरा आत असतानाच हिंदी सुरू होते. "अगं, चष्मा राहिला बघ टेबलावर" इथपर्यंत घरात, आणि "ज़रा ला दीजिए" हे बाहेर. तेही मावशीला! बाजारात ते तिला "सुनिए, भिंडी कैसी रहेगी?" असं विचारतात. मावशी म्हणते, "मी रोज कुणा परक्या शुक्लाजींबरोबर भाजी आणायला जाते असं वाटतं गं मला."

याला कारण आहे, आणि ते काकांनी मला एकदाच, तेही दार लावून सांगितलं. नोकरीला लागले तेव्हा ते करोल बागेत खोली घेऊन राहत होते. एका सकाळी घरमालकिणीने चहाला बोलावलं, तर जिन्यातून ओरडले, "जी, मैं आंघोळ करके आता हूँ!" झालं. ती गल्ली सोडेपर्यंत त्यांना सगळे 'आंघोळ बाबू' म्हणत होते. तेव्हापासून दोन भाषांची सरमिसळच नको म्हणून काकांनी मराठीला उंबऱ्याच्या आत कोंडलं ते कोंडलंच. बाहेरची हिंदी मात्र इतकी शुद्ध केली की लिफ्टमध्ये अस्सल मेरठचे लोकसुद्धा त्यांच्यापुढे जरा जपून बोलतात.

अशा घरात चकली आली. त्यांच्या बंगळुरूच्या मुलाने "तुम्हाला तेवढीच सोबत" म्हणून कुत्र्याचं एक पिल्लू धाडलं. झोपलं की गोल वेटोळं होई, म्हणून मावशीने नाव ठेवलं चकली. काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "हे जनावर माझ्या खुर्चीपाशी येता कामा नये." ते आलं नाही. थेट मांडीवर चढलं. मी संध्याकाळी गेले तर काका पुतळ्यासारखे बसलेले. "पायाला मुंग्या आल्यात," कुजबुजत म्हणाले, "पण आत्ताच डोळा लागलाय तिचा."

लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला खाली न्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून हॉलच्या कोपऱ्यात शू-शीसाठी पॅड अंथरले गेले. पॅड म्हणजे लहान बाळांच्या लंगोटाचंच चौकोनी भावंड. हे शिक्षण काकांनी स्वतःकडे घेतलं. चकली जमीन हुंगत गोल फिरायला लागली की ते तिला अलगद उचलून पॅडवर ठेवत, "चला बाई, उरकून घ्या" असं गोड आवाजात म्हणत आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहत. "असं कुणी टक लावून पाहिलं तर कुणाचं उरकेल?" हा त्यांचा सवाल. आणि चकली खरोखर शिकली! 'उरकून घ्या' म्हणायचा अवकाश, बाई पॅडवर हजर. पाहुण्यांसमोरही हा प्रयोग व्हायचा, आणि पाहुण्यांना टाळ्या वाजवाव्या लागायच्या.

अडचण एकच होती. तो कोपरा गणपतीचा होता. दरवर्षी तिथेच मखर लागतं. लसी संपल्या, श्रावण निम्मा सरला, तरी पॅड तिथेच. शेवटी मावशीने कंबरेला पदर खोचला. "गणपती यायच्या आत हे सगळं बाहेर व्हायला लागलं पाहिजे. नाही तर चकली नोएडाला जाईल." नोएडाच्या माझ्या एका मैत्रिणीकडे अंगण होतं आणि ती एका पायावर तयार होती. काका म्हणाले, "जाईना का, मला काय त्याचं." मग त्या रात्री त्यांनी नेहमीची दुसरी पोळी घेतली नाही, आणि पहिलीतली अर्धी टेबलाखाली गेली.

दुसऱ्या दिवसापासून काका पहाटेच चकलीला घेऊन खाली उतरू लागले. खालच्या बागेत कडुनिंबाखाली तिला उभं करायचे आणि समजावायचे, "देखिए, स्थान एकदम स्वच्छ है। आप निःसंकोच कर लीजिए।" चकली समोर बसून साहेबांचं भाषण ऐकावं तसं कान देऊन ऐकायची. करायची मात्र काही नाही. मग काकांनी घरचा पॅड पिशवीत घालून खाली नेला आणि गवतावर अंथरला. चकली त्यावर झोपली. वॉचमनने विचारलं, "साहब, ये क्या है?" काका गंभीरपणे म्हणाले, "जी, इनका आसन है।" तास तास असा जायचा. आणि वर येऊन घरात पाऊल टाकताच काका मावशीला हताशपणे सांगायचे, "आजही काही उरकलं नाही गं." की लगेच, तिथेच, पायपुसण्यावर, चकली उरकून घ्यायची.

मी कितीदा तरी त्यांच्याबरोबर बागेत होते, पण बाहेरच्या काकांची हिंदी माझ्या इतकी अंगवळणी पडलेली की डोक्यात काही प्रकाश पडला नाही. गणपती चार दिवसांवर आले. नोएडाच्या मैत्रिणीने चकलीला झोपायला टोपलीसुद्धा आणून ठेवली. पायपुसणी धुऊन वैतागलेली मावशी एका सकाळी दुखऱ्या गुडघ्यांनिशी आमच्याबरोबर खाली उतरली आणि बाकावर बसली. समोर काका चकलीला विनवत होते, "कृपया प्रयत्न तो कीजिए।"

मावशी बघतच राहिली. "अहो, हिच्याशीसुद्धा हिंदी? तिला काय कळणार? घरी म्हणता तसं म्हणा की!"

काकांनी आजूबाजूला पाहिलं. फेऱ्या मारणारी मंडळी होती, हास्यक्लबवाले होते, वॉचमन होता. "यहाँ? सबके सामने?" त्यांचा चेहरा असा पडला की जिन्यात उभा असलेला तो आंघोळ बाबू मला डोळ्यांपुढे दिसला आणि खरंच फार वाईट वाटलं. चकलीने तेवढ्यात एक जांभई दिली. काकांनी तिच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि अगदी पुटपुटत म्हणाले, "चला बाई..." चकलीचे कान उभे राहिले. काकांनी डोळे मिटले आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चला बाई, उरकून घ्या!"

आणि बाईंनी उरकलं. चांगलं ऐसपैस, कडुनिंबाच्या बुंध्याशी. काका सवयीने झाडाकडे पाठ करून उभे होते, त्यामुळे हा ऐतिहासिक क्षण त्यांना दिसलाच नाही. हास्यक्लबवाले टाळ्या वाजवायला लागले तेव्हा ते वळले. कुणी हसलं नाही. एका सरदारजींनी एवढंच विचारलं, "अंकल, ये कौन सी भाषा है? बड़ी मीठी है।" काका म्हणाले, "मराठी."

त्या वर्षी मखर वेळेवर लागलं, चकली नोएडाला गेली नाही. काका आता बागेत तिच्याशी अखंड मराठीत बोलतात. ऊन चढलंय, चिखलात जाऊ नकोस, ते कबुतर तुझं नाही. लिफ्टमध्ये मला मात्र अजूनही "और बेटा, ऑफिस कैसा चल रहा है?" असंच विचारतात. गुडघे दुखत असले तरी मावशी हल्ली रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर जाते, आणि जाताना कपाटातली चांगली साडी काढून नेसते. मी तिला चिडवलं, "काय गं, काका बाहेर तुझ्याशीही मराठी बोलायला लागले की काय?"

"छे गं," निऱ्या सारख्या करत ती म्हणाली, "ते तिच्याशीच बोलतात. पण मी शेजारी असते ना. मला ऐकू येतं."