सहा नंबरच्या वॉर्मरवर साडेछत्तीस

मी ह्या ग्रुपवर वर्षभर नुसती वाचते. लिहायची हिंमत होत नव्हती. शाळा माझी नववीतच सुटली, त्यामुळं चुका झाल्या तर हसू नका. मोबाईलमध्ये बोलून टाईप करतेय, पोरगी झोपलीय तोवर... ती उठायच्या आत संपवायचंय. लोकांचे भुताखेताचे अनुभव मी भाजी निवडता निवडता वाचायचे आणि मनात म्हणायचे, ह्यांना काही कामधंदा नाही. देव मानते, उपास करते, पण हे असलं काही कधी मानलं नाही. आजही मानते का, विचाराल तर मला सांगता येणार नाही. झालं ते सांगते.

आम्ही कलकत्त्यात बागबाजारला राहतो, घाटाच्या अलीकडच्या गल्लीत एक खोली आहे. मूळचे आम्ही विट्याकडचे. आमच्याकडची बरीच माणसं इथं सोनं गाळायच्या धंद्यात आहेत, आमचे हे पण लहानपणी मामांच्या दुकानात भट्टीवर आले होते. पण ह्यांचं सोन्याकडं लक्षच नसायचं, सगळं लक्ष जाळाकडं... पिवळा का जळतो, फडफड का करतो. मग मामांनीच बर्नर-बॉयलर दुरुस्त करणाऱ्या एका ठेकेदाराकडं लावून दिलं. आता बजबजच्या जूट मिलपासून हॉटेलांपर्यंत जिथं बर्नर बंद पडेल तिथं हे जातात. नोझल साफ करायचं, काजळी काढायची, जाळ बघणारा सेन्सर पुसायचा. हाताचा डिझेलचा वास कितीही साबण लावला तरी जात नाही. मी बाळंतपणाला जिथं नाव घातलं त्या हॉस्पिटलच्या गरम पाण्याच्या बॉयलरचं कामही ह्यांच्याकडंच होतं, ओळखीचे लोक म्हणूनच तिथं गेलो.

जुळं होतं. आठवा लागला होता नुसता, जानेवारीचे दिवस, आणि एका सकाळी अचानक पाणी गेलं. पोट फाडून काढल्या. दोन पोरी. थोरली चार मिनिटांनी मोठी. दोघींना लगेच तिसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत नेलं. तिथं वॉर्मर असतात — म्हणजे उघडा पाळणा, वर लाल होणारा रॉड, आणि बाळाच्या पोटाला एक बारकी चकती चिकटवतात, तिला प्रोब म्हणतात. प्रोब बाळाच्या अंगाची ऊब सांगतो, बाळ गार पडलं की रॉड पेटतो, नीट असलं की विझतो. थोरली सहा नंबरच्या वॉर्मरवर, धाकटी शेजारी सातवर. मला मात्र ताप भरला, टाक्यांचा. वरती जायला बंदी. मी दुसऱ्या मजल्यावर पडून, पोरी माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर. हे मोबाईलमध्ये फोटो काढून आणायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी थोरली गेली.

कपड्यात गुंडाळून माझ्याजवळ आणली. तोंड तेवढं उघडं. नाक ह्यांच्यासारखं होतं. मी हात पुढं केले तर सासूबाईंनी माझे हात धरले, त्या गावाहून आल्या होत्या बाळंतपणाला. म्हणाल्या, "रेश्मा, बघ नुसती. हातात घेऊ नकोस. एकदा घेतलंस की सुटत नाही मग." त्यांचं स्वतःचं पण एक गेलंय, त्या वाईट म्हणून नाही बोलल्या. आणि मी... मी ऐकलं. हात मागं घेतले. हे तिला दोन हातांवर घेऊन गेले, मामा बरोबर गेले, मातीला दिलं आणि दुपारी परत आले. नाव पण नव्हतं ठेवलेलं. कागदावर नुसतं बेबी ऑफ रेश्मा, एक नंबर.

पाचव्या दिवशी माझा ताप उतरला. दुपारी दोनच्या सुमाराला मला चाकाच्या खुर्चीतून पहिल्यांदा वर नेलं. तिथं सगळ्या आयांना 'मा' म्हणूनच हाक मारतात. शंपादी म्हणून सिस्टर होत्या, त्या म्हणाल्या, "मा, हात धुवा, रडू नका, दूध आणलंत ना?" मी काचेच्या आत गेले. धाकटी एवढीशी... तळव्याएवढी पाठ. तिच्या मशीनवर पस्तीस पॉइंट एक, बाजूला लाल दिवा, वरचा रॉड पूर्ण पेटलेला. साडेछत्तीस पाहिजे होतं. कालपासून चढतच नव्हतं. डॉक्टरबाई सांगून गेल्या होत्या की संध्याकाळपर्यंत अंग गरम झालं नाही तर श्वास धरवणार नाही तिला, आणि एवढ्या गार बाळाला दुसऱ्या हॉस्पिटलला हलवताही येत नाही. मला ताप होता म्हणून छातीशी पण दिली नव्हती, आणि आता डॉक्टरबाईंनी बघितल्याशिवाय मशीनवरून काढायची नाही म्हणाले.

आणि शेजारी सहा नंबर. रिकामा. धुतलेली चादर, प्रोब वर हुकाला टांगलेला, रॉड विझलेला. मशीन चालू होतं कारण बापीदा, म्हणजे हॉस्पिटलचे मशीनवाले, ते तपासत होते. स्क्रीनवर आकडा होता साडेछत्तीस.

रिकाम्या पाळण्यावर.

शंपादी वैतागल्या होत्या. दोन दिवस झाले म्हणे, जेव्हा चालू करावं तेव्हा हाच आकडा, नवीन बाळ ठेवता येत नाही, वर 'खराब' म्हणून कागद चिकटवला होता. मी बघतच राहिले. मला आधी वाटलं की मी चुकीचं वाचतेय.

बापीदांनी खाली फोन केला. हे तळघरात बॉयलरपाशीच होते, रजा नव्हती घेतली, म्हणाले घरी बसून काय करू. वर आले, बुटांवर पिशव्या घातल्या, कोपरापर्यंत हात धुतले. बापीदांनी आपलं वातावरण हलकं करायला म्हटलं, "दादा, ये तुम्हारा जूट मिल का बॉयलर नहीं है, हथौडा मत निकालना." हे म्हणाले, "हथौडा तुम्हारे लिये रखा है." दोघं हसले नाहीत, पण बरं वाटलं ऐकून.

ह्यांची एक रीत आहे. बर्नर जाळ धरत नसला की हे आधी काही उघडत नाहीत. चालू बर्नरचा सेन्सर काढून बंदला लावायचा, बंदचा चालूला. खराबी सेन्सरबरोबर गेली तर सेन्सर वाईट, जागेवर राहिली तर दुखणं जागेचं. हे म्हणाले, "दोन्ही मशीन उलटं सांगतायत, वायरी एकमेकींत गेल्या असतील." मला पटलं, तुम्हालाही हेच वाटलं असेल. मग सहाचा प्रोब धाकटीला लावला आणि धाकटीचा सहाला. धाकटी पस्तीस पॉइंट एक. सहा, साडेछत्तीस. शंपादींनी काखेत थर्मामीटर लावलं, ते पण पस्तीसच. मधल्या वायरी बघितल्या, दोन मशीनचा एकमेकांशी काही संबंध नाही, प्लग पण वेगळे. धाकटीचा रॉड बघितला, चांगला लालबुंद, वरचा चकचकीत पत्रा पण पुसून घेतला. काही खोट नाही.

मग ह्यांनी पिशवीतून स्वतःचा मीटर काढला. बॉयलरच्या अंगाला लावून ऊब बघायचा, टोकाला तार असते. स्पिरिटनं पुसला आणि सहाच्या चादरीवर टेकवला. कोपऱ्यात सव्वीस. दुसऱ्या कोपऱ्यात सव्वीस. मध्ये — साडेछत्तीस. रॉड विझलेला, खाली काही नाही. हे तार हळूहळू सरकवत गेले, ऊब कुठं सुरू होते, कुठं संपते, आणि मग सवयीनं हातानं माप घेतलं. एक वीत आणि चार बोटं.

तिथंच ह्यांचा हात थांबला. त्या हाताला थोरलीचं ते माप माहीत होतं. मला नव्हतं.

मीटर पिशवीत टाकला आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. बापीदा विचारत होते, दादा क्या हुआ, क्या हुआ.

मी खुर्ची पुढं घेतली आणि तिथं तळवा ठेवला. खोटं कशाला सांगू, घाबरले होते. कारण आदल्या दिवशी सासूबाईंनी पण काचेतून हा आकडा बघितला होता आणि खाली येऊन मला म्हणाल्या होत्या, "एकटी गेलीय ती. पोटात दोघी एका अंथरुणात होत्या. धाकटीला त्या जागेजवळ नेऊ देऊ नकोस." आणि धाकटी तेव्हापासूनच गार पडत चालली होती. मग ही ऊब कुणाची होती? थोरली राहिली होती, का धाकटीची ऊब तिकडं ओढून घेत होती? मी अडाणी बाई, मला काय कळणार. पण चादर हाताला लागली ती... तुम्ही आई असाल तर सांगायला नको. झोपलेल्या बाळाची पाठ लागते तशी. मी डोळे मिटून तशीच बसले. किती वेळ ते माहीत नाही. शंपादींनी दोनदा हाक मारली म्हणे.

मग मी ह्यांना म्हटलं, "अहो, वायर बदलून बघितलीत. आता पोरगी बदलून बघा."

हे एकदम फिरले. "वेड लागलंय का? खराब मशीनवर पोर ठेवतं का कुणी?"

"चांगल्या मशीनवर मरतीय ती."

ह्यांचं तोंड तेव्हा बघवत नव्हतं. शंपादी पण नाही म्हणाल्या, कागद चिकटवलेलं मशीन, त्यांची नोकरी जाईल. मी त्यांचा हात सोडलाच नाही. शेवटी त्यांनी डॉक्टरबाईंना फोन लावला, त्या ऑपरेशनमध्ये होत्या. त्यांनी एवढंच विचारलं की सहाचा रॉड हातानं पेटवता येतो का. बापीदा म्हणाले येतो. मग त्या म्हणाल्या, दहा मिनिटं ठेवा, सातवर उपयोग होत नाहीच आहे, मी येतेय. शंपादी मला म्हणाल्या, "थर्मामीटर मी धरणार. जरा जरी उतरलं तर उचलणार, मा, मग पाया पडायचं नाही."

बापीदांचं बोट बटणावर. हे माझ्या खुर्चीमागं. धाकटीला उचलून त्या एक वीत चार बोटांवर ठेवलं, वायरी-बियरी सांभाळून. ती आखडली जरा आणि मग... तिनं अंग सोडलं. दोन दिवस मुठी वळलेल्या होत्या म्हणे, त्या उघडल्या. बापीदांना बटण दाबावंच लागलं नाही. पस्तीस तीन. पस्तीस सहा. शंपादी काखेतलं बघायच्या, स्क्रीन बघायच्या, दोन्ही सारखं. डॉक्टरबाई आल्या त्या ओरडतच आल्या, रॉड का पेटवला नाही म्हणून, आणि आकडा बघून त्यांनी स्वतः काखेत थर्मामीटर लावलं. छत्तीस. चारच्या आसपास साडेछत्तीस झालं आणि रॉड तोवर एकदाही पेटला नव्हता.

मग पाचला आकडा जरासा उतरला, छत्तीस तीन, आणि वरचा रॉड आपोआप लाल झाला. ऊब चढली, रॉड विझला. परत उतरली, परत पेटला. जसं मशीननं करायला पाहिजे तसं. बापीदा म्हणाले, "हो गया दादा, ठीक हो गया," आणि तो खराबचा कागद काढून टाकला. शंपादींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हे पाच दिवसांत पहिल्यांदा हसले. सगळे हसत होते आणि मी धाकटीच्या शेजारी, तिच्या पायाखाली, पाठीच्या कडेला बोटं घालून चाचपत होते. चादर सगळीकडं सारखी झाली होती. मी ह्यांना म्हटलं, मीटर लावा ना परत. ह्यांनी मान हलवली, नको म्हणून.

धाकटी महिनाभरानं घरी आली. आता चालते, डबे वाजवते, ह्यांचा पाना घेऊन पळते. त्या मशीनचं आतलं सर्किटचं कार्ड बापीदांनी कंपनीला पाठवून तपासलं, काही निघालं नाही. बागबाजारच्या डॉक्टरांना मी विचारलं, ते म्हणाले बाळंतपणानंतर बायकांना असं होतं. पण मीटर तर ह्यांचा होता, आकडा सहा जणांनी बघितला. ह्यांना विचारलं तर म्हणतात, सेन्सर आहे, होतं कधी कधी. माझ्याकडं बघून म्हणत नाहीत. बॉयलरला जातात तेव्हा तिसऱ्या मजल्यावर जातात का, मी विचारत नाही.

मला कारण सापडलेलं नाही आणि कुणी सांगेल असंही वाटत नाही. भूत म्हणू नका तेवढं. मला भीती वेगळीच आहे, ती कुणाला सांगितली नाही, सासूबाईंना पण नाही. थोरली जायला तयार नव्हती, दोन दिवस तिथंच पडून होती, मी येईन म्हणून. आणि मी आले तेव्हा तिला घेतलं नाहीच, वर तिच्या अंगावर धाकटीला ठेवलं. तिच्याकडं जेवढी ऊब उरली होती तेवढी काढून हिला दिली. मी ठेवलं नसतं तर ती अजून राहिली असती का?

हिला दूध पाजताना हिच्या पाठीवर तळवा ठेवते ना, तेव्हा मला रोज कळत नाही, मी कुणाला धरलंय.